‘पान’ लागलेला पाय काळा का पडतो?

आपल्याकडच्या अनेक गावांत साप चावला असे थेट म्हणत नाहीत. ‘पान लागले’ असे म्हणतात. त्या जनावराचे नावही तोंडी येऊ नये एवढी त्याची धास्ती असते, आणि पान लागल्याची बातमी आली की गावाचा पहिला प्रश्न एकच असतो: माणूस वाचेल ना? तो वाचला, रुग्णालयातून घरी आला, की विषय संपतो. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत तो तिथून सुरू होतो. दंश झालेल्या पायाची सूज आठवडेच्या आठवडे उतरत नाही, घोट्याजवळची कातडी काळी पडून सुटते, कुणाची बोटे कापावी लागतात, कुणाला पुढची कित्येक वर्षे लंगडत शेतावर जावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात आणि त्याच्या सुमारे तिप्पट माणसांना अवयव गमवावा लागतो किंवा कायमचे अपंगत्व येते. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची करण्यास राज्यांना सांगितले, तेव्हापासून मृत्यूंच्या आकड्यांची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. या लेखात मात्र वाचलेल्या माणसाच्या पायाचा विचार करायचा आहे. दंशाच्या जागी मांसाचे नेमके काय होते, आणि वेळेवर लस मिळूनही कधीकधी पाय का वाचत नाही, हे समजून घ्यायचे आहे.

### विष म्हणजे एकच पदार्थ नव्हे

सर्पविष म्हणजे एखाद्या बाटलीत भरलेले एकच जालीम रसायन, अशी आपली समजूत असते. ते खरे तर अनेक प्रथिनांचे मिश्रण असते. त्यातली काही प्रथिने ‘विकरे’ असतात. विकर म्हणजे एखादी रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन; आपल्या जठरात आणि आतड्यात अन्न पचवतात तीही विकरेच. साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो. त्याचे विष भक्ष्याला जायबंदी करते आणि त्यातली काही विकरे मांस तोडण्याचेही काम करतात. माणसाच्या पोटरीत हे मिश्रण शिरले की पोटात व्हायचे काम पोटरीत सुरू होते, असे म्हटले तर फारसे चूक ठरणार नाही.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे प्रमुख विषारी साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. चौघांची विषे वेगळी, म्हणून चौघांच्या दंशाचे रूपही वेगळे. घोणस आणि फुरसे यांच्या दंशाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि दंशाच्या जागीही मोठी हानी होऊ शकते. नागाचे विष श्वास थांबवू शकते आणि कातडीही सडवू शकते. मण्यारीच्या दंशाच्या जागी मात्र बहुधा काहीच दिसत नाही, आणि तोच मोठा धोका आहे. त्याकडे पुढे वळू.

### पाट फुटतो तो कसा

शरीरातील एकाच प्रकारचे काम करणाऱ्या पेशींच्या समूहाला ‘ऊती’ म्हणतात: कातडीची ऊती, स्नायूंची ऊती, वगैरे. कोणतीही ऊती म्हणजे एक शेत आहे असे समजू. पेशी ही पिकाची रोपे, आणि त्यांना पाणी व खत पोचवणारे बारीक पाट म्हणजे केशवाहिन्या. केसाहूनही कितीतरी बारीक अशा या रक्तवाहिन्यांची भिंत पेशींच्या एकाच थराची असते, आणि त्या थराला बाहेरून एका अतिशय पातळ, जाळीदार अस्तराने धरून ठेवलेले असते. पाटाच्या कडांना आतून चोपडलेली चिकणमाती जसे काम करते, तसेच काम हे अस्तर करते.

फुरसे व घोणस यांच्या विषात ‘मेटॅलोप्रोटिनेज’ नावाची विकरे असतात. फुरशाच्या विषात तर त्यांचा वाटा फार मोठा असतो. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि त्याच्याशिवाय ती चालत नाहीत. ही विकरे नेमके त्या अस्तरातले कोलॅजन हे चिवट प्रथिन कापतात. कोस्टा रिकातील क्लोडोमिरो पिकाडो संस्थेच्या संशोधकांनी तिकडच्या सापांच्या विषावर वर्षानुवर्षे काम करून ही क्रिया टप्प्याटप्प्याने उलगडली आहे, आणि त्यातला मला सर्वांत लक्षणीय वाटणारा भाग असा की केशवाहिनी फोडण्याचे शेवटचे काम विष करतच नाही. विष फक्त अस्तर कमकुवत करते. त्यानंतर आतून वाहणाऱ्या रक्ताचा स्वतःचा दाबच तिला ताणतो, फुगवतो आणि फाडतो. पाटाची माती खरवडून ठेवली की पाटाचेच पाणी कड फोडते, तसे हे आहे. प्रयोगशाळेत उंदरांच्या स्नायूत हे विष टोचल्यावर काही मिनिटांतच रक्तस्राव सुरू झालेला दिसतो.

एक केशवाहिनी फुटली तर फारसे बिघडत नाही, पण इथे हजारो फुटतात. रक्त आणि रक्तद्रव ऊतीत पसरतो, पाय सुजतो, कातडी निळीजांभळी होते, तिच्याखाली पाणी किंवा रक्त साचून फोड येतात. पाट फुटल्यावर शेताच्या एका भागात पाणी तुंबते आणि पुढची रोपे मात्र कोरडी पडतात, त्याचप्रमाणे सुजेने तुंबलेल्या पायातल्या पेशी प्रत्यक्षात प्राणवायूवाचून तडफडत असतात.

याच्या जोडीला ‘हायलुरोनिडेज’ हे विकर असते. पेशींच्या मधल्या जागेत खळीसारखा एक दाट, चिकट पदार्थ असतो, जो कोणताही द्रव सहजासहजी पुढे सरकू देत नाही. हे विकर ती खळ पातळ करते. स्वतः ते फार हानी करत नाही, पण बाकीच्या विषाला वाट करून देते.

### स्नायू आतून कसा मरतो

दुसरा मोठा घाला स्नायूंच्या पेशींवर पडतो. तो ‘फॉस्फोलायपेज’ या गटातली प्रथिने घालतात. भारतीय घोणशीच्या विषात ती भरपूर असतात. प्रत्येक पेशीभोवती मेदाच्या रेणूंचे पातळ आवरण असते, आणि ही प्रथिने त्या आवरणालाच छिद्रे पाडतात.

छिद्र पडल्याने एवढा अनर्थ का व्हावा, याचे उत्तर कॅल्शियममध्ये आहे. पेशीच्या आत मोकळे कॅल्शियम अगदी नगण्य असते आणि बाहेर त्याच्या सुमारे दहा हजार पट असते. पेशी आपली पुष्कळशी ऊर्जा हा फरक राखण्यासाठी खर्च करते, कारण स्नायूला ‘आकुंचन पाव’ हा निरोप देणारा संदेशवाहक कॅल्शियमच आहे. आवरण फुटले की ते आत लोटते, स्नायूचा तंतू कमालीचा आवळला जातो आणि तसाच मरतो. मेलेल्या स्नायूतून बाहेर पडणारा रंगद्रव्याचा अंश मूत्रपिंडात जाऊन तिथेही अडथळा करू शकतो, म्हणजे पायातली हानी पायापुरतीच राहत नाही.

स्नायूला स्वतःची दुरुस्ती करता येते, कारण त्याच्या तंतूंवर राखीव पेशी असतात आणि इजेनंतर त्या नवे तंतू उभारतात. पण त्यासाठी तंतूभोवतीचे अस्तर शाबूत लागते आणि रक्तपुरवठा सुरू असावा लागतो. फॉस्फोलायपेजने तंतू मारले आणि मेटॅलोप्रोटिनेजने अस्तर व केशवाहिन्या दोन्ही उद्ध्वस्त केल्या, की त्या जागी स्नायू न भरता चामड्यासारखा व्रण भरतो. दोन्ही हल्ले एकाच वेळी होतात, हेच कायमच्या अपंगत्वाचे एक मोठे कारण आहे.

### नागाची तऱ्हा वेगळी

नाग चावला की डोळ्यांच्या पापण्या जड होतात, मान टाकली जाते, श्वास मंदावतो, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच विषात ‘सायटोटॉक्सिन’, म्हणजे पेशीविष, हीही लहानशी प्रथिने असतात. सुमारे साठ अमिनो आम्लांच्या या साखळ्या पेशीच्या आवरणात घुसून ते विस्कटून टाकतात. त्यांचा मारा प्रामुख्याने कातडी आणि तिच्याखालच्या थरांवर होतो. त्यामुळे नागदंशात कातडी काळी पडून सडते, आणि कधी मधला पट्टा निरोगी राहून दोन्हीकडचे पट्टे मेलेले दिसतात. श्वासाचे संकट टळून रुग्ण शुद्धीवर येतो आणि मग पायाची खरी अवस्था दिसू लागते.

### ‘सूज नाही, म्हणजे विष भिनले नाही ना?’

हा तर्क स्वाभाविक वाटतो, पण तो जीवघेणा आहे. मण्यारीच्या विषाचा सारा रोख चेतासंस्थेवर असतो. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, दातांच्या खुणा कधी दिसतही नाहीत, वेदना नसते, सूज नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या उघडत नाहीत आणि मग श्वास थांबतो. उलट सूज आहे म्हणून विष नक्की आहे असेही नाही, कारण गावठी उपायांनी घट्ट बांधलेला पाय विषाशिवायही सुजतो. दंशाची शंका आली की रुग्णालयात निदान २४ तास देखरेख हवी, मग पाय कसाही दिसो.

### शरीर स्वतःही भर घालते

फुटलेल्या पेशींमधून बाहेर पडलेले पदार्थ रोगप्रतिकार यंत्रणेला धोक्याची वर्दी देतात आणि पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. सूज, उष्णता आणि वेदना यांचा मोठा भाग या प्रतिसादातूनही येतो. त्या पेशींपैकी काही स्वतःमधले डीएनएचे धागे जाळ्यासारखे बाहेर फेकतात, जेणेकरून जंतू त्यात अडकावेत. मैसूर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की फुरशाच्या विषाभोवतीही अशी जाळी विणली जातात, ती बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि विषाला त्याच जागी कोंडून ठेवतात. डीएनएचे धागे तोडणारे विकर दिल्यावर उंदरांच्या शेपटीची हानी टळली. पाट आधीच फुटलेला, त्यात वरून गाळ येऊन बसावा, तशी ही स्थिती होते.

### ‘लस दिली होती, मग पाय का गेला?’

नातेवाइकांचा हा प्रश्न सर्वांत जास्त कळवळ्याचा असतो, आणि पुष्कळदा त्यातून डॉक्टरांवर अविश्वास निर्माण होतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे. आपण ज्याला सर्पदंशाची लस म्हणतो ती देवी किंवा पोलिओच्या लशीसारखी नव्हे. घोड्याला थोडे थोडे विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे विषाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने, शुद्ध करून कुपीत भरलेली असतात. एका कुपीतले औषध घोणशीचे सुमारे ६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करू शकते. साप त्याच्या कितीतरी पट विष टोचू शकतो, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच द्याव्या लागतात, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही.

ही प्रतिपिंडे शिरेतून दिली जातात आणि रक्तात फिरणाऱ्या विषाला उत्तम प्रकारे आवर घालतात. रक्त पुन्हा गोठू लागते, रक्तस्राव थांबतो, जीव वाचतो. पण दंशाच्या जागी पोचायचे तर त्यांना त्याच पाटाने जावे लागते जो विषाने फोडला आणि तुंबवला आहे. त्यात प्रतिपिंडांचे रेणू विषातल्या लहान प्रथिनांहून कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते ऊतीत सावकाश झिरपतात. नागाचे पेशीविष तर इतके लहान असते की घोड्याचे शरीरही त्याच्याविरुद्ध प्रभावी प्रतिपिंडे फारशी बनवत नाही. आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची आहे: हानी मिनिटांत सुरू होते आणि कुपी तासांनी मिळते. मेलेली पेशी कोणतीही लस जिवंत करू शकत नाही.

याचा अर्थ लस पायासाठी व्यर्थ आहे असा मुळीच नाही. विष आणखी पसरू न देणे, नव्या रक्तस्रावाला आळा घालणे, हे काम ती करतेच, आणि लवकर दिली तर हानीचे क्षेत्र लहान राहण्याची शक्यता वाढते. अर्धा पाय सुजला किंवा सूज काही तासांतच घोट्याच्या वर झपाट्याने चढू लागली, तर तेवढ्यावरूनही लस देण्याचा निर्णय घेतला जातो.

इथे एक अपवाद सांगितला पाहिजे. आपली लस वर सांगितलेल्या चार सापांच्या विषापासूनच बनते. सह्याद्रीच्या जंगलात, बांबूच्या बेटांत आढळणाऱ्या हिरव्या चापड्याच्या दंशाने हात चांगलाच सुजतो, पण त्यावर ही लस चालत नाही. चापड्याच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो, आणि तिथे वेदनाशमन व देखरेख हाच उपचार असतो.

### ‘घट्ट बांधले तर विष वर चढणार नाही, हे तर खरे?’

बांधल्याने विषाचा प्रवास काही काळ अडू शकतो, हे मान्य केले तरी अडवलेले विष कुठे राहते याचा विचार केला पाहिजे. कापणारी, विरघळवणारी सगळी विकरे एका पोटरीत कोंडायची आणि त्याच पोटरीचा रक्तपुरवठाही तोडायचा, म्हणजे घोणस किंवा फुरशाच्या दंशात पाय गमावण्याची तयारीच करायची. शिवाय दोरी सोडताच साठलेले विष एकदम रक्तात उतरते, म्हणून आधीच बांधून आणलेली दोरी रुग्णालयात तयारीनिशीच सोडली जाते. ऑस्ट्रेलियात दंश झालेल्या अवयवावर लांबलचक पट्टी गुंडाळण्याची पद्धत आहे, असा दाखला काही जण देतात. ती पद्धत तिथल्या सापांसाठी आहे, ज्यांच्या विषाचा मुख्य धोका मांसाला नसून चेतांना आणि रक्ताला असतो, आणि ती सुतळीने आवळण्याहून पूर्णपणे वेगळी आहे.

ब्लेडने चिरण्याबाबत तर दुमत असू नये. ज्या माणसाचे रक्त गोठत नाही त्याला चिरा पाडणे म्हणजे न थांबणारी जखम देणे, आणि तोंडाने शोषून ऊतीत भिनलेले विष बाहेर येत नाही. बर्फ लावू नये, औषधी पाल्याचा लेप लावू नये, विजेचा झटका देऊ नये.

करायचे ते थोडके आहे. माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, हाडमोडीला बांधतात तशी फळी लावून पाय स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल त्या वाहनाने लस असलेल्या रुग्णालयात न्यावे. आणि घरातल्या बायकांनी तरी हे विसरू नये: सूज येण्याआधीच अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, मनगटाचा दोरा, सगळे काढून टाकावे. अर्ध्या तासाने तेच जोडवे बोटाचा रक्तपुरवठा तोडणारा फास होते.

### ‘एवढी सूज आहे, तर डॉक्टर चीर देऊन दाब का मोकळा करत नाहीत?’

पोटरीचे आणि हाताचे स्नायू चिवट आवरणांच्या कप्प्यांत बंद असतात. कप्प्याच्या आत सूज आली तर दाब इतका वाढू शकतो की रक्त आत शिरतच नाही, आणि तेव्हा आवरण उभे चिरून दाब मोकळा करावा लागतो. परंतु सर्पदंशात बहुतेक सूज कप्प्याच्या बाहेर, कातडीखाली असते. पाय भयंकर दिसतो, पण स्नायूंचा कप्पा सुरक्षित असतो. म्हणून नुसते पाहून निर्णय न घेता दाब मोजावा, आणि रक्त गोठू लागेपर्यंत शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक आहे. रक्त गोठते का हे पाहण्याची साधी चाचणी कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात करता येते: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग तिरपी करून पाहायचे. रक्त पातळच राहिले असेल, तर त्या घडीला चीर देणे प्राणावर बेतू शकते.

### घरी आल्यानंतरचा पाय

मेलेली कातडी काही दिवसांनी स्वतःची सीमा दाखवते, मग ती काढली जाते आणि गरज पडल्यास मांडीची कातडी घेऊन तिथे लावली जाते. जंतूंचा संसर्ग झाला असेल तरच प्रतिजैविके लागतात. सुजेची लाली सगळी संसर्गाचीच असते असे नाही. याच टप्प्यावर पुष्कळ कुटुंबे पैशाअभावी किंवा कंटाळून उपचार सोडतात, आणि मला वाटते की जीव वाचवण्यावर होणाऱ्या खर्चाचा अगदी थोडा भाग इथे आला तरी किती तरी पाय चालते राहतील. व्यायाम वेळेवर सुरू झाला नाही तर व्रण आखडून घोटा वाकडाच राहतो, आणि वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेत क्वचित कर्करोगही उद्भवतो.

### नवी औषधे कुठे पोचली

लशीची उणीव म्हणजे मोठा रेणू आणि उशीर. म्हणून संशोधकांचे लक्ष लहान रेणूंकडे वळले आहे, जे ऊतीत झटकन शिरतील आणि गोळीच्या रूपात, रुग्णालयात पोचण्याआधीच देता येतील. मेटॅलोप्रोटिनेजला जस्ताशिवाय काम करता येत नाही, म्हणून जड धातूंच्या विषबाधेवर वापरले जाणारे युनिथिऑल हे जस्त ओढून घेणारे जुने औषध केनियात निरोगी स्वयंसेवकांवर सुरक्षिततेसाठी तपासले गेले. कर्करोगासाठी शोधलेले मॅरिमास्टॅट हे औषधही याच विकरांना अडवते. फॉस्फोलायपेजला रोखणाऱ्या व्हॅरेस्प्लॅडिबच्या गोळीची चाचणी भारत आणि अमेरिकेतील रुग्णालयांत झाली. तिने आपले मुख्य उद्दिष्ट गाठले नाही, पण दंशानंतर लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत आशादायक खुणा दिसल्या.

२०२४ साली सिडनी आणि लिव्हरपूल येथील संशोधकांनी हेपॅरिन हे जुने, स्वस्त औषध आफ्रिकेतील थुंकणाऱ्या नागांच्या विषाने होणारी कातडीची हानी उंदरांत कमी करते असे दाखवले. नागाचे पेशीविष पेशीवरच्या ज्या शर्करासाखळ्यांना धरते, त्यांच्याशी हेपॅरिनचे साम्य आहे, म्हणून विष चुकून त्यालाच चिकटते. मात्र हेपॅरिन रक्त पातळ करते. घोणस किंवा फुरसे चावलेल्या, रक्त आधीच न गोठणाऱ्या माणसाला ते देणे घातक ठरेल, आणि चावलेला साप कोणता हे रात्रीच्या अंधारात पुष्कळदा कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आज तरी दंश झालेल्या पायासाठी हाताशी असलेला उपाय म्हणजे मोकळा ठेवलेला, न चिरलेला, न आवळलेला पाय आणि लस असलेल्या रुग्णालयापर्यंतचा कमीत कमी वेळ.